नळापाशी उगवलेली रानकाकडी

वेल मी पहिल्या नजरेतच ओळखली होती, तरी गुडघ्यांवर बसून भिंग काढलं. ओळखलेली गोष्ट ओळखली नाही असं दाखवलं की थोडा वेळ मिळतो, तेवढाच मला हवा होता. माझ्या मागे माझ्या थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या. त्यांना घरात आम्ही सगळेच ताई म्हणतो, आणि त्या मला धाकटे म्हणून हाक मारतात, मग मी पस्तिशीची झाले काय नि पन्नाशीची झाले काय.

"काय आहे?" ताईंनी विचारलं.

"बघतेय."

"बघून झालं की सांग. चहा टाकायचा की नाही ते त्यावर ठरेल."

त्या हसल्या नाहीत. मीही हसले नाही. जाळीघराच्या दाराजवळ पाण्याचा नळ होता, नळाखाली सिमेंटचा हातभर ओटा होता, आणि त्या ओट्यामागच्या फटीतून निघून वेल भिंतीलगत चांगली दोन हात सरकली होती. तिला तीन पिवळी फुलं आली होती. फुलं नसती तर अजून काही बोलता आलं असतं.

मी बियाणे कार्यालयात तपासनीस आहे. काकडीचं बी पिकवणाऱ्यांच्या जाळीघरांत जायचं आणि आसपास पन्नास पावलांत रानकाकडी उगवली आहे का ते पाहायचं, हे माझं काम. रानकाकडी ही काकडीच्याच कुळातली, पण वाया गेलेली. स्वतः ठणठणीत राहते आणि रोग पोसते. मावा तिच्यावर बसतो, तिथून उडून काकडीवर येतो, आणि पानं पिवळी पडायला लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून नियम कडक आहे. पन्नास पावलांत फुलावर आलेली एक वेल सापडली, तरी जाळीघरातली झाडून सगळी रोपं उपटून जाळायची. त्यावर चर्चा नाही.

भांडण होतं ते सातव्या रकान्यावरून. आमच्या फॉर्मच्या सातव्या रकान्यात लिहावं लागतं, 'वेल कशी आली असावी'. तिथं 'मालकाचं दुर्लक्ष' असं लिहिलं गेलं की मालकाचं नाव बी पिकवणाऱ्यांच्या यादीतून तीन वर्षांसाठी बाहेर जातं. दुसरं काही कारण सापडलं तर रोपं जातात, पण नाव राहतं. आणि ज्याचं नाव राहतं त्याला पुढच्या हंगामात पुन्हा उभं राहता येतं.

ताईंचं नाव त्या यादीत लागून अजून वर्ष व्हायचं होतं. त्याआधी बारा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पॅकिंग शेडमध्ये उभ्याने काढली. भावजी जहाजावर आचारी, वर्षातून दोनदा घरी यायचे आणि आले की झोपायचे. हे जाळीघर ताईंनी एकटीनं उभं केलं. घर सासऱ्यांच्या नावावर, गाडी भावजींच्या नावावर, गॅसची जोडणीसुद्धा भावजींच्याच. यादीतली ती एक ओळ तेवढी ताईंची होती. त्या यादीची प्रत त्यांनी फ्रिजच्या दारावर लावली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाणी द्यायच्या निमित्तानं फ्रिजपर्यंत नेत होत्या.

नात्यातल्या माणसाचं जाळीघर तपासायचं नाही असा आमचा नियम आहे. पण कार्यालयात तपासनीस दोन, त्यातला दुसरा जिन्यावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसला होता. मी साहेबांना सांगितलं, ती माझी जाऊ आहे. साहेब म्हणाले, "वेलीला काय फरक पडतो? जे दिसेल ते लिहा आणि पाचच्या आत फॉर्म आणा." साहेबांना नातेवाईक नसावेत असं मला कधीकधी वाटतं.

"चिराटी आहे ना ती?" ताईंनी विचारलं.

चिराटी नावाची एक निरुपद्रवी वेल आहे. लांबून दोघी सारख्याच दिसतात. मी फुलाचा देठ बोटांत धरून त्यांना दाखवला. "चिराटीची फुलं पानाच्या बगलेत घोळक्यानं बसतात, देठ नसल्यासारखीच. हे बघा, एकटं फूल आणि बोटभर लांब देठ. पानही बघा, पाच ठिकाणी आतपर्यंत कापलेलं. आणि फुलाखालचं हे बोंड."

भिंगाखाली ते बोंड तांदळाच्या दाण्याएवढं होतं आणि त्यावर मऊ काटे होते. ताईंनी भिंग घेतलं नाही.

"एकटं असलं म्हणजे लगेच वाईट का?" त्या म्हणाल्या.

मी भिंग मिटून ठेवलं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला पुढचं शिकायचं होतं आणि घरात कुणालाच ते पटत नव्हतं. सासूबाईंपुढे उभं राहून "शिकू दे तिला, तिच्या वाटचं मी करते" असं म्हणणारी ही बाई. तीन वर्षं त्यांनी माझ्या वाटचं केलं, आणि पॅकिंग शेडचंही केलं. त्या शिक्षणावर लागलेल्या नोकरीचा फॉर्म घेऊन मी त्यांच्या दारात बसले होते.

"धाकटे," त्या हळू म्हणाल्या, "इथं तू आहेस नि मी आहे. तिसरं कुणी नाही."

"ताई, असं बोलू नका."

"बोलले कुठं? मोजून दाखवलं."

मी उठले. पहिलं काम वेल ओळखण्याचं, दुसरं तिच्या येण्याची वाट शोधण्याचं. वेल कोण आहे ते पानाफुलांवरून कळतं, आणि ती आली कशी ते जागेवरून. पाण्याबरोबर आली असेल तर ती पाटाच्या चारीच्या काठानं रांगेत उगवते. पाखरांनी आणली असेल तर तारेखाली नाहीतर झाडाखाली. गुरांनी आणली असेल तर शेणाच्या ढिगावर. मला त्यातलं काहीही चाललं असतं. पाखरू, गुरं, पाणी, जे सापडेल ते सातव्या रकान्यात घालायला मी एका पायावर तयार होते.

मी पन्नास पावलं मोजत चारी बाजूंना गेले. कुंपणाची तार बोटानं चाचपत तिच्याखालून वाकून पाहिलं. चारीचा काठ दोन्ही बाजूंनी पाहिला. शेजाऱ्याचा गोठा तारेपलीकडेच होता, त्याच्या उकिरड्यावर काठीनं ढोसून पाहिलं, तेव्हा तिथली म्हैस माझ्याकडे अशी बघत राहिली की मलाच ओशाळवाणं झालं. रस्त्याची कडाही पाहिली. तण सगळीकडे होतं, सगळं ओळखीचं होतं, आणि त्यात रानकाकडीचं एक पानही नव्हतं. साहेबांचा फोन आला. "झालं का?" मी म्हटलं, "होतंय." दुपारचे दोन वाजले होते.

परत नळापाशी आले तेव्हा ताई ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांना उठायला सांगितलं आणि ओट्याभोवतीची जमीन बोटांनी उकरली. त्या मोठ्या वेलीखेरीज तीन कोवळी रोपं होती, दोन-दोन पानांची. तिन्ही ओट्याच्या उजव्या अंगाला होती. पाणी वाहून जायचा उतार डावीकडे होता. पाण्यानं आलेलं बी डावीकडे उगवलं असतं. हे बी उजवीकडे पडलं होतं, नळावर वाकलेल्या माणसाच्या हातातून काही झटकलं तर जिथं पडेल तिथं.

आणि मला टेलरकाकांचा नळ आठवला.

टेलरकाका म्हणजे बाजारातले जुने शिंपी. डोळे अधू झाल्यावर त्यांनी मशीन विकून जाळीघर उभारलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांच्याकडे रानकाकडी पकडली. तीही नळापाशीच होती. मी मोठ्या तोऱ्यात फॉर्म काढला आणि सातव्या रकान्यात 'मालकाचं दुर्लक्ष' लिहून मोकळी झाले, त्यांनी दिलेलं पाणी पिऊन व्हायच्या आत. जाळीघरातलं तण काढायचं काम काकूंचं होतं. काकू म्हणाल्या होत्या, "मॅडम, मी एवढी वर्षं तण काढते, ही वेल या भागातली नाहीच. हिचं बी कुठून आलं ते तरी बघा." मी बघितलं नाही. मी म्हटलं, "काकू, सगळे असंच म्हणतात." आणि काका माझ्यादेखत त्यांना म्हणाले, "डोळे माझे गेलेत का तुझे?" काकू त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. मी खाली सुवाच्य अक्षरात सही केली आणि निघाले.

काकूंनी विचारलेला प्रश्न नेमका होता. इतके दिवस तो माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

आता मी तिथेच उभी राहून आठवायला लागले. मंगळवारी मी सकाळी मंडईमागच्या पडीक जागेवर जाते. तिथे सडकी भाजी टाकतात आणि रानकाकडी माजलेली असते. ती उपटायचं काम माझ्याकडे कुणी दिलेलं नव्हतं, मीच अंगावर घेतलं होतं. नवी नोकरी, अंगात हौस. वेली उपटायच्या आणि पिकलेली काटेरी फळं नमुना म्हणून कापडी पिशवीत भरून आणायची. कार्यालयात माझ्या टेबलावर त्या फळांच्या सहा बरण्या आहेत, आणि रानकाकडी ओळखावी तर हिनंच असं साहेब चारचौघांत एकदा म्हणालेले आहेत. मंडईमागून निघाले की माझं पहिलं जाळीघर टेलरकाकांचं असायचं. आत पाऊल टाकायच्या आधी हात, अवजारं आणि पिशवी धुवायची, असा नियम आहे. नियमाच्या बाबतीत मी फार काटेकोर. पिशवी उलटी करून नळाखाली धरायची आणि दोनदा झटकायची, आणि मगच आत जायचं. दिवसभर तीच पिशवी खांद्यावर. संध्याकाळी घरी जाताना ताईंकडे चहाला थांबायचं, आणि चहाआधी पुन्हा हातपाय आणि पिशवी धुवायची. याच नळावर, ओट्याच्या याच बाजूला उभी राहून.

पिशवी आत्ताही माझ्या खांद्यावर होती. मी ती काढली, उलटी केली आणि तळाच्या शिवणीत बोट घातलं. शिवणीच्या दुमडीत काहीतरी खरखरलं. नखानं उकरून तळहातावर घेतलं. चपट्या, फिकट, जिऱ्यापेक्षा जरा मोठ्या चार बिया होत्या.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. दीड तास मी म्हशीच्या उकिरड्यात काठी घालत होते.

"ताई," मी म्हटलं. "हे मी आणलंय."

ताईंच्या तोंडून आश्चर्याचा एक उद्गारही निघाला नाही. त्या नुसत्या माझ्या तळहाताकडे बघत राहिल्या, आणि त्या बघण्यावरूनच मला कळलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

"ताई."

त्या उठल्या. जाळीघराच्या दारामागे रंगाचा एक जुना डबा होता, तो आणून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. डबा निम्म्याहून जास्त भरला होता, वाळलेल्या रोपांनी. दोन पानांची, चार पानांची, मुळासकट उपटलेली. खालची पार काळी पडली होती, वरची अजून हिरवट होती. मी मोजायला लागले आणि चाळीसच्या पुढे मोजायचं सोडून दिलं.

"तू मंगळवारी यायचीस," ताई म्हणाल्या, "आणि पुढच्या आठवड्यात हा प्रकार डोकं वर काढायचा. दुसऱ्यांदा झालं तेव्हाच लक्षात आलं. मग रोज सकाळी दात घासायच्या आधी इथं यायचं आणि उपटायचं. गेल्या महिन्यात ताप आला, आठ दिवस पडून होते. त्या आठ दिवसांत ही ओट्यामागून सटकली. मला वाकवत नाही एवढं, दिसलीच नाही. आज तू बसलीस तेव्हाच दिसली."

"मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? नोकरीला लागून तुला महिना झाला नव्हता. घरभर सांगत फिरत होतीस, रानकाकडी माझ्या नजरेतून सुटत नाही म्हणून. मी म्हटलं, सुटू दे. मी आहे ना मागे." त्या जरा थांबल्या. "रोज दोन मिनिटांचं काम होतं. त्यासाठी तुझं तोंड एवढंसं कशाला करू?"

मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. या बाईनं आयुष्यभर माझ्या वाटचं केलं, इतकं की माझी चूकसुद्धा मला कळू न देता डब्यात भरून ठेवली.

"टेलरकाकांकडेही मीच जायचे," मी म्हटलं. "त्यांच्याकडे तर मंडईमागून थेट. तुमच्याकडे चाळीस उगवली तर त्यांच्याकडे किती उगवली असतील? काकूंनी किती उपटली असतील आणि कुठली तरी एक राहिली असेल?"

ताईंनी नळ नीट बंद केला. तो बंदच होता.

"त्यांचं ऐकलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं," त्या म्हणाल्या.

"आणि?"

"आणि गप्प बसले. तुझ्याकडे बघितलं नि गप्प बसले."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी खाली बसले, फॉर्म मांडीवर घेतला आणि लिहायला लागले. वेलीचं नाव, फुलांची संख्या, नळापासूनचं अंतर. सातव्या रकान्यात जागा दीड ओळीची असते. मी बारीक अक्षरात लिहिलं: 'तपासनीसाच्या नमुन्यांच्या पिशवीतून बी सांडलं. पिशवी या नळावर दर मंगळवारी धुतली जात होती. मालकाचं दुर्लक्ष नाही.' मागच्या कोऱ्या बाजूवर टेलरकाकांच्या जाळीघराचं तसंच लिहिलं, त्यांचा फॉर्म रद्द करावा असंही लिहिलं, आणि सही करून पेन ताईंपुढे धरलं.

ताईंनी वाचलं. त्या सावकाश वाचतात, बोट ठेवून. वाचून झाल्यावर त्यांनी फॉर्म परत माझ्या मांडीवर ठेवला.

"मी यावर सही करणार नाही."

"मालकाची सही नसेल तर साहेब सातवा रकाना मानत नाहीत. सही नाकारली म्हणजे मालकाचं दुर्लक्ष, असंच धरतात."

"धरू देत."

"तुमचं नाव जाईल."

"तीन वर्षांसाठी जाईल. चौथ्या वर्षी परत लागेल. तुझी नोकरी गेली तर चौथ्या वर्षी लागेल का?" त्या आता जोरात बोलायला लागल्या होत्या. "कुंपणानंच शेत खाल्लं म्हणून सगळीकडे बोंब होईल. जिथं अर्ज करशील तिथं हेच पुढे येईल. त्यापेक्षा सातव्या रकान्यात वेगळं लिही, मी सही करते. मला रानकाकडी माहीत होती आणि मी साहेबांना कळवलं नाही, हे खोटं आहे का? डबा आहे ना पुरावा. याला दुर्लक्षच म्हणतात."

"याला दुर्लक्ष म्हणत नाहीत, ताई."

"मग काय म्हणतात ते तुझ्या साहेबांना विचार."

साहेबांचाच फोन वाजला. मी उचलला नाही. तो वाजून वाजून थांबला, आणि पुन्हा वाजायला लागला. सव्वातीन झाले होते, इथून कार्यालय पाऊण तासावर. ताई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या अशा उभ्या राहिल्या की घरात कुणाची मात्रा चालत नाही, भावजींचीसुद्धा. मी बारा वर्षांत एकदाही त्यांच्याशी भांडून जिंकले नव्हते. खरं तर भांडलेच नव्हते, तशी वेळच त्यांनी येऊ दिली नव्हती.

"तुमचं नाव राहिलं काय नि गेलं काय, ते आपल्या घरातलं आहे," मी म्हटलं. "आपण भांडू, अबोला धरू, मिटवू. टेलरकाकूंचं काय? त्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती, बी कुठून आलं. मी त्यांना खोटं ठरवलं, त्यांच्या नवऱ्यासमोर. तुम्ही सही केली नाहीत तर या फॉर्मची मागची बाजूही कुणी वाचणार नाही."

ताईंनी हाताची घडी सोडली.

"काकू जाळीघराकडे फिरकत नाहीत आता," त्या म्हणाल्या. "दळणाच्या गिरणीत भेटल्या होत्या. मी विचारलं कशा आहात, तर म्हणाल्या, आमच्याकडे रोज तोच विषय. जेवायला बसलं की तेच, दिवा घालवला की तेच. म्हणाल्या, आता मलाच वाटायला लागलंय की माझंच लक्ष नव्हतं." त्यांनी ओठ दाबून धरले. "आणि मी पीठ घेऊन घरी आले, धाकटे. माझ्या दारामागे हा डबा होता, आणि मी पीठ घेऊन घरी आले."

त्यांनी माझ्या मांडीवरून फॉर्म उचलला, ओट्यावर ठेवला आणि उभ्यानंच वाकून सही केली. वाकताना त्यांना त्रास झाला. सही अर्ध्यात थांबवून त्या जाळीघराकडे बघायला लागल्या. आत दोरीवर चढवलेल्या काकडीच्या रांगा होत्या, प्रत्येक रोपाला ताईंनी बांधलेली चिंधी होती, आणि बियाण्याची फळं पिवळी पडायला लागली होती. पंधरा दिवसांत तोडणी होती.

"उपटायला माणसं उद्या येतील ना?"

"सकाळी."

"मग आज पाणी देऊ का नको?"

मी म्हटलं, "नका देऊ." त्यांनी सही पुरी केली. मग पाण्याचा पाइप उचलून कोपरावर वेटोळं घालत गुंडाळला आणि खुंटीला लावला. मी दुसरीकडे बघत राहिले, कारण त्यांना माझं बघणं नको होतं.

फॉर्म आम्ही वेळेत पोचवला. आम्ही म्हणजे दोघी, कारण ताई काही ऐकेनात. साहेबांनी पुढची बाजू वाचली, मागची वाचली, चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?" मी हो म्हटलं. "उद्यापासून फिरतीवर जाऊ नका. चौकशी होईपर्यंत टेबलावर बसा. पिशवी जमा करा." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. बाहेर आल्यावर मी ताईंना म्हटलं, तुम्ही घरी जा, मी टेलरकाकांकडे जाऊन येते. ताई म्हणाल्या, "तुला बघून ते दार तरी उघडतील का? चल."

दार काकूंनी उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा घट्ट झाला, मग मागे ताई दिसल्या तेव्हा त्या गोंधळल्या. त्यांच्या खांद्यावरून मला आतली खोली दिसत होती. काका खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, मांडीवर उसवलेली उशी होती आणि हातात सुई. डोळे गेले तरी शिवायचे ते अंदाजानं.

"कोण आहे गं?" काकांनी विचारलं.

"बियाणे कार्यालयाच्या मॅडम," काकू म्हणाल्या.

"आता काय राहिलंय त्यांचं?"

वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची, माफी आधी मागायची की नंतर. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून, काकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "काकू, तुमच्या नळापाशी उगवलेली रानकाकडी मी आणली होती. माझ्या पिशवीत बी होतं. दर मंगळवारी मी ती पिशवी तुमच्या नळावर धूत होते. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतंत बी कुठून आलं, आणि मी बघितलं नाही. तसं मी आज लिहून दिलंय."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी दाराची कडी हातात धरली होती, ती तशीच धरून ठेवली.

"मंगळवारी," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी दर बुधवारी उपटत होते," त्या म्हणाल्या. "बोटभर बोटभर रोपं. मला कळेना कुठून येतात. यांना सांगितलं तर म्हणायचे, तुला भास होतात."

ताई माझ्या मागे उभ्या होत्या, त्यांचा श्वास मला ऐकू आला. काकूंनी आम्हाला आत या म्हटलं नाही, आणि दारही लावलं नाही. त्या वळल्या आणि खिडकीकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत?"

काकांची सुई उशीत अडकली होती. ती ते ओढत होते आणि ती निघत नव्हती. त्यांनी मान वर केली नाही.

काकू दोन पावलं आत गेल्या, त्यांच्या खुर्चीपुढे उभ्या राहिल्या, आणि तितक्याच हळू आवाजात त्यांनी पुन्हा विचारलं, "ऐकलंत का?"